अंडी मागायला गेलेला शेफिल्ड

पुस्तक विसरलं जावं आणि प्रस्तावना तेवढी उरावी, असं क्वचितच घडतं. इंग्रज मुद्रक विल्यम कॅक्स्टनच्या ‘एनेडॉस’चं तसं झालं. व्हर्जिलच्या महाकाव्याचं फ्रेंच रूपांतर आणि त्याचं हे इंग्रजी भाषांतर, म्हणजे एकदा उकळलेल्या पावडरीचा दुसरा चहा. कॅक्स्टनने ते १४९०मध्ये छापलं. पुढे स्कॉटिश कवी गॅव्हिन डग्लस याने १५१३मध्ये व्हर्जिलचं मूळ लॅटिनवरून भाषांतर पुरं केलं, तेव्हा त्याने कॅक्स्टनची सालं काढली. काढायला हवीच होती. पण भाषेचा इतिहास लिहिणारा जो तो ‘एनेडॉस’च्या प्रस्तावनेपाशी थांबतो, तो तिच्यातल्या एका मोजक्या ओळींच्या किश्श्यासाठी.

किस्सा असा. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने नेदरलँड्समधल्या झीलंडला निघालेले असतात. वारा पडतो. केंटच्या किनाऱ्यावर फोरलंडच्या भूशिराशी गलबत अडकून पडतं, म्हणून मंडळी काही खायला मिळतं का ते पाहायला किनाऱ्यावर उतरतात. त्यांतला शेफिल्ड नावाचा कापडाचा व्यापारी एका घरात शिरतो आणि खायला मागतो, मुख्यतः अंडी. त्याचा शब्द ‘एगेस’. घरधनीण म्हणते, मला फ्रेंच येत नाही. शेफिल्ड भडकतो, कारण फ्रेंच त्यालाही येत नसतं. मग दुसरा कुणी ‘एयरेन’ हवेत असं म्हणतो, आणि बाई म्हणते, हां, आता कळलं.

यातली खरी गंमत त्या ‘त्यालाही’मध्ये आहे. बाईला कळलं नाही म्हणून शेफिल्ड चिडला, एवढंच सांगून काम भागलं असतं. कॅक्स्टन चिडण्याचं कारण देतो, आणि ते कारणच विनोद होऊन बसतं. फ्रेंच न येणारी दोन माणसं एका उंबरठ्यावर फ्रेंचवरून भांडताहेत! बाईला फ्रेंचच का वाटावं, हेही उघड आहे. १०६६मध्ये नॉर्मन आले आणि पुढची तीनेकशे वर्षं दरबार, कोर्टकचेऱ्या, बड्या लोकांचं बोलणं फ्रेंचमध्ये चाललं. बऱ्या कपड्यातला परका माणूस कळेनासं काही बोलला की ते फ्रेंच असणार. त्यात केंटचा किनारा, म्हणजे समोर फ्रान्सच.

आता तो शब्द जरा जवळून पाहू. इंग्लंडचा अस्सल जुना शब्द होता ‘एय’, आणि त्याचं अनेकवचन ‘एयरेन’. ‘एग’ आणला तो समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांनी. नवव्या शतकात ते इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वसले, शेजाऱ्यांशी सोयरिकी झाल्या, आणि ‘स्काय’, ‘विंडो’, ‘नाइफ’ इतकंच काय, ‘दे’ हे सर्वनामसुद्धा इंग्रजीच्या घरात राहायला आलं. म्हणजे या शब्दाला परका ठरवताना बाईच्या कानाने चूक केलीच नव्हती, फक्त देश चुकला. फ्रेंच नव्हे, उत्तरेकडचा. आणि तिचा मायबोलीतला ‘एयरेन’ मात्र पुढे कोशात जाऊन पडला. आपण मराठी शाळेत ‘चाइल्ड’चं अनेकवचन ‘चिल्ड्रन’ अपवाद म्हणून घोकलं, तो त्याचाच सख्खा भाऊ. एक बहुवचनी प्रत्यय पुरेसा वाटला नाही म्हणून त्यावर दुसरा चढवलेला. एयरेन गेला, चिल्ड्रन मागे राहिला.

कॅक्स्टन हा किस्सा तटस्थपणे सांगतो असं वरवर वाटतं. मला तसं वाटत नाही. तो स्वतः केंटचा. आपल्या भागातलं इंग्रजी अगदी गावंढळ, हे त्याने आधीच्या एका पुस्तकात कबूल केलेलं आहे. म्हणजे घरधनिणीची बोली त्याच्या बालपणातली. आणि धंदा? तो शेफिल्डचा, कापडाचाच. त्या धंद्यापायी जवळजवळ तीस वर्षं तो फ्लँडर्समधल्या ब्रूजच्या बाजूला राहिला, जिथे आजही अंड्यांना ‘एयेरेन’ म्हणतात. उंबरठ्याच्या आतही तो आहे आणि बाहेरही. म्हणूनच की काय, दोघांपैकी कुणालाही तो मूर्ख ठरवत नाही.

किस्सा संपल्यावर तो विचारतो, आता माणसाने लिहावं तरी काय, हा शब्द की तो? पंडिताला हा प्रश्न आयुष्यभर चघळता येतो. छापखानेवाल्याला नाही. १४७६मध्ये त्याने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हापासून जुळारी हातात खिळे घेऊन समोर उभा, आणि एकच शब्द बसवायचा. काही सरदार म्हणतात तुझे शब्द फार अवघड, सामान्यांना कळत नाहीत. काही विद्वान म्हणतात अजून अवघड वापर. मठाधिपती जुनी कागदपत्रं दाखवतात, तर ती याला इंग्रजीपेक्षा डचसारखी दिसतात. आपल्या जन्मावेळची भाषा आता राहिली नाही, इंग्रज माणूस चंद्राच्या अमलाखाली जन्मतो म्हणून सतत घटतो-वाढतो, असं म्हणून तो दोष थेट चंद्राच्या माथी मारतो. शेवटी मधला मार्ग धरतो. तोही नेहमी पाळत नाही, हे सांगितलेलं बरं. त्याच्या छपाईत एकच शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगांनी येतो, आणि ‘घोस्ट’मधला तो निरुपयोगी ‘एच’ फ्लेमिश वळणाने त्याच्याच छापखान्यातून आला असं मानतात.

राहता राहिला एक बारीक तपशील. बाई म्हणाली, कळलं. त्यापुढे कॅक्स्टन थेट आपल्या प्रश्नाकडे वळतो. शेफिल्डला अंडी मिळाली की नाही, हे तो सांगतच नाही.