आरोपीने वाचलेलं पुस्तक

टॉमस पेन आपल्याला ओळखीचा आहे तो जोतीराव फुल्यांमुळे. 'राइट्स ऑफ मॅन'चा त्यांच्यावरचा ठसा सर्वज्ञात आहे. पेनच्याच 'एज ऑफ रीझन'साठी सहा वर्षं तुरुंगात काढणारा लंडनचा प्रकाशक रिचर्ड कार्लाइल मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

हा मूळचा पत्र्याची भांडी घडवणारा कारागीर. बायबलवर टीका करणारं ते पुस्तक छापल्याबद्दल ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याच्यावर धर्मनिंदेचा खटला उभा राहिला. बचाव म्हणून त्याने काय करावं? तेच पुस्तक भर न्यायालयात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं! वरवर पाहता हा निव्वळ हट्ट वाटतो. पण यात प्रकाशकाची नजर आहे. न्यायालयात जे बोललं गेलं ते खटल्याच्या वृत्तांतात आलंच पाहिजे, आणि वृत्तांत छापायला कोण अडवणार? असा त्याचा हिशेब. पुस्तकावर बंदी, पण आरोपीचं भाषण म्हणून तेच पुस्तक स्वस्त हप्त्यांत बाजारात. स्वतःच्या शिक्षेची त्याने आवृत्ती काढली. त्याचं स्वतःचं गद्य खरं तर जड आणि शिवराळ. प्रतिभा दिसते ती अशा कृतींच्या रचनेत.

त्याच्या दुकानातली तबकडी पाहा. खबरे गिऱ्हाईक बनून येत आणि विक्रेत्याविरुद्ध साक्ष देत. म्हणून विक्रेता आडोशाला. गिऱ्हाइकाने तबकडीवरचा काटा हव्या त्या पुस्तकाकडे फिरवायचा, पैसे टाकायचे, पुस्तक बाहेर यायचं. साक्ष द्यायची ती कुणाविरुद्ध?

शिक्षा तीन वर्षांची, पण दीड हजार पौंडांचा दंड न भरल्यामुळे तो सुटला थेट १८२५ मध्ये. डॉर्चेस्टरच्या कोठडीतून तो आपलं 'रिपब्लिकन' साप्ताहिक चालवू शकला, कारण बाहेर दुकान चालू होतं. ते चालवलं म्हणून पत्नी जेन आणि बहीण मेरी ॲन याही त्याच तुरुंगात आल्या. मग नोकर गेले, त्यांच्या जागी नवे उभे राहिले.

इथे माझं कौतुक जरा अडखळतं. जेनला पतीची मतं किती पटत होती, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. शिक्षा मात्र पुरी दोन वर्षांची. १८२२ मध्ये तुरुंगातच तिला मुलगी झाली. नाव ठेवलं हायपेशिया, धर्मांधांनी मारलेल्या अलेक्झांड्रियाच्या विदुषीचं. पुढे दहाएक वर्षांतच नवरा-बायको वेगळे झाले.