धक्क्यावरून दिसलेला देश : सॅम्पल कुठून घेतलंत?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने तिचं रिसर्च प्रपोजल वाचायला दिलं. "ताई, इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर आलाय, फक्त इंग्रजी बघून दे." इंग्रजी चांगलंच होतं. विषयही चांगला होता. एखाद्या देशावर वर्षानुवर्षं राजकीय आणि व्यापारी निर्बंध असतील, तर तिथल्या साध्या माणसाच्या जगण्यावर काय परिणाम होतो? देश क्यूबा. डेटा म्हणजे क्रूझने क्यूबाला जाऊन आलेल्या अमेरिकन प्रवाशांनी लिहिलेले हजारो रिव्ह्यू. ते कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचे, 'दुकान', 'जेवण', 'रांग' असे शब्द मोजायचे आणि त्यावरून राहणीमानाचा एक निर्देशांक काढायचा.

मी तिला विचारलं, "हे लोक रात्री कुठे झोपायचे?"

"बोटीवर."

"आणि जेवायचे?"

"...बऱ्याचदा बोटीवरच."

मग आम्ही दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे बोलणं झालं ते इथे जरा नीट मांडते, कारण हा घोटाळा तुमच्याही प्रपोजलमध्ये असू शकतो. माझ्या तर होताच.

माझं काम पाण्यावर आहे. पहिल्या वर्षी मी पवई तलावाच्या काठावरून बाटल्या भरायचे. हात पोचेल अशी एक पायरी होती आणि दुपारी तीनची वेळ होती, कारण सकाळी कोर्सवर्क असायचं. विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे इतके छान यायचे की मी खूश. सांडपाणी येतंय, जलपर्णी माजलीय, तरी तलाव ठणठणीत! गाईडने आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "पहाटे पाचला हा तलाव काय करतो?" दिवसा उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ आणि बाकीचे जीव तो वापरून टाकतात. पहाटे आकडा तळाला जातो, आणि मासे मरायचे असतील तर तेव्हा मरतात. माझ्या बाटल्या खोटं बोलत नव्हत्या. त्या दुपारी तीनच्या तलावाबद्दल बोलत होत्या, आणि मी वर लिहिलं होतं 'पवई तलाव'. त्या वर्षाचा सगळा डेटा आता एका फोल्डरमध्ये पडून आहे.

आता क्यूबा. १९६२ पासून अमेरिकेने या देशाशी जवळजवळ पूर्ण व्यापारबंदी ठेवली आहे. ओबामांच्या काळात ती थोडी सैल झाली आणि २ मे २०१६ ला 'अडोनिया' ही बोट मायामीहून सुमारे सातशे प्रवासी घेऊन हवानाला लागली. अमेरिकेतून क्रूझ जाण्याची जवळजवळ चाळीस वर्षांतली ही पहिली वेळ. पण निव्वळ सहल म्हणून जायला तेव्हाही बंदीच होती. कायद्याने ठरवलेल्या बारा कारणांपैकी एखादं दाखवावं लागायचं, म्हणून किनाऱ्यावरचा दिवस 'सांस्कृतिक देवाणघेवाणी'चा म्हणून आखलेला. मग जून २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने हे दार पुन्हा बंद केलं. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ आठ लाख बुकिंगना त्याचा फटका बसला. एवढे लोक म्हणजे केवढं सॅम्पल, असं ज्युनिअरला वाटलं. अगदी साहजिक आहे.

पण त्या पहिल्या बोटीत कोण चढू शकत नव्हतं ते बघा. क्यूबात जन्मलेल्या माणसाने समुद्रमार्गे परत यायचं नाही, असा क्यूबाचाच नियम होता. त्यामुळे कंपनीने सुरुवातीला अशा लोकांचं बुकिंगच घेतलं नाही. मायामीत निदर्शनं झाली, कोर्टात दावा लागला, आणि बोट सुटायच्या जेमतेम नऊ-दहा दिवस आधी क्यूबाने नियम बदलला. म्हणजे ज्यांना गल्लीबोळ माहीत, भाषा येते, ज्यांची मावशी अजून तिथे रेशनच्या रांगेत उभी असते, नेमकी तीच माणसं आधी वगळलेली होती. सॅम्पल आठ लाखांचं असो की आठ कोटींचं, गाळणी अशी लावलेली असेल तर संख्या वाढवून काही होत नाही.

इथपर्यंत सांगून मी थांबले असते. पण ज्युनिअर म्हणाली, "ताई, क्यूबा लांब आहे. कुणाला कसं कळणार खरं काय होतं ते?" म्हणून मी तिला गोव्याची गोष्ट सांगितली. हो, आपल्याच गोव्याची. निर्बंध घालणारे तिथे आपण होतो, हे आपण सहसा विसरतो.

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली. रेल्वे बंद, रस्ते बंद, मुंबईहून पणजीला जाणारी बोट बंद, पैसे पाठवण्यावर बंधनं. हे डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कमीजास्त प्रमाणात चाललं. पण मुरगाव बंदर जगाला खुलंच होतं. पोर्तुगिजांनी स्वतःची विमानसेवा सुरू केली, युरोप-जपानचा माल उतरवला. त्यामुळे त्या काळच्या गोव्याबद्दल एक चित्र अजून ऐकू येतं. दुकानं विलायती मालाने भरलेली, घड्याळं, साबण, चीज, दारू स्वस्त, नाकेबंदीने उलट गोव्याचं भलंच केलं.

दुकानं भरलेली होती हे खरं आहे. पण 'नाकेबंदीने' हा शब्द कुठून आला? त्याच वर्षांत गोव्याच्या लोहखनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीकडून जोरदार मागणी आली होती. नाकेबंदी नसती तरी खाणी चालल्याच असत्या. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि आपण एकीला दुसरीचं कारण करून टाकलं. आणि खाणीचा पगार ज्या घरात येत होता त्याला बाजार भरलेला दिसला. ज्या घराची चूल मुंबईला धोबीतलावच्या कुडात राहणाऱ्या, हॉटेलात नाहीतर बोटीवर काम करणाऱ्या मुलाच्या पैशांवर पेटायची, त्याला तोच बाजार कसा दिसला असेल? धक्क्यावर उतरून शोकेस पाहणारा माणूस हा फरक करू शकत नाही. तो आळशी असतो असं नाही, त्याच्यासमोर ते घर येतच नाही.

आता मूळ टीकेकडे येते. गोव्याबद्दल त्या दशकात दोन नावाजलेल्या अभ्यासकांनी लिहिलं आणि ती जोडी प्रत्येक रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात शिकवायला हवी असं माझं मत आहे.

पहिले जिल्बेर्तु फ्रेइरे. ब्राझीलचे मोठे समाजशास्त्रज्ञ, १९३३ च्या 'काझा ग्रांद इ सेन्झाला' या पुस्तकाने जगभर नाव झालेलं. १९५१ मध्ये पोर्तुगालच्या मंत्र्याने त्यांना वसाहती पाहायला बोलावलं. त्याच वर्षी पोर्तुगालने कायद्यात 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरापारचे प्रांत' असा केला होता, म्हणजे निमंत्रणाची वेळही पाहा. फ्रेइरे आफ्रिका आणि भारतातल्या पोर्तुगीज मुलखांतून सरकारी पाहुणे म्हणून फिरले. नोव्हेंबर १९५१ मध्ये गोव्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी एक सिद्धांत मांडला : पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधात गेला की तिथल्या लोकांत मिसळून जातो आणि एक सलोख्याची संस्कृती तयार होते. हाच पुढे 'लुसो-ट्रॉपिकल' सिद्धांत म्हणून गाजला. १९५३ मध्ये या दौऱ्याचं पुस्तक आलं, 'आव्हेंतुरा इ रोतिना'. सालाझारच्या सरकारने हा सिद्धांत उचलून धरला, कारण आमच्या वसाहती वसाहती नाहीतच असं म्हणायला त्यांना एक विद्वान मिळाला होता.

फ्रेइरे खोटं लिहीत होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. घरं, चर्च, जेवणखाण, संगीत यांत मिश्रण दिसतंच, आजही दिसतं. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. काही आठवड्यांची भेट, यजमान सरकार, आणि सिद्धांत प्रवास संपायच्या आधीच व्यासपीठावर मांडलेला. गोव्याची वस्ती तेव्हा साधारण साडेपाच लाख, त्यात हिंदू निम्म्याहून जास्त. आणि जे उलटं बोलत होते ते कुठे होते? त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्येच पुस्तिका लिहून म्हटलं होतं की पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांचं राष्ट्रीयत्वच पुसत आणलंय. त्यांना १९४६ मध्ये अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला नेलं. सलोख्याबद्दल शंका घेणारा माणूस तुरुंगात आणि सलोखा मोजणारा पाहुणा व्यासपीठावर. अशा सॅम्पलमधून सलोख्याखेरीज दुसरं काय निघणार होतं?

दुसरे ओर्लांदु रिबेरू, लिस्बन विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ. हे १९५५-५६ मध्ये, म्हणजे भर नाकेबंदीत, गोव्यात होते. तेही सरकारनेच पाठवलेले. मोहीम सरकारी, खर्च सरकारी. पण ते काही महिने राहिले, गावांत फिरले आणि १९५६ मध्ये सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी म्हटलं की मी पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखांत गोवा मला सर्वांत कमी पोर्तुगीज वाटला, गिनीपेक्षाही कमी. पोर्तुगीज भाषा फार थोड्यांना येते, हेही नोंदवलं. ज्याने पैसे दिले त्याच्याच गैरसोयीचा निष्कर्ष.

म्हणून मी रिबेरूंना जास्त वजन देते. ते जास्त हुशार होते म्हणून नव्हे. निष्कर्ष स्वतःच्या बाजूच्या विरुद्ध जात असेल आणि तरी माणूस तो लिहित असेल, तर पक्षपाताची शंका तेवढी कमी होते. मर्यादा त्यांच्याही आहेत. पोलिसांच्या धाकातल्या मुलखात सरकारी मोहिमेच्या माणसाशी कोण मोकळं बोलणार? पण इथे ही शंकासुद्धा त्यांच्याच बाजूने जाते. लोक घाबरून बोलले असतील तर पोर्तुगालबद्दल गोडच बोलले असतील, आणि तरीही चित्र असं आलं.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग. रिबेरूंचा अहवाल छापून कधी आला? १९९९ मध्ये. ते स्वतः १९९७ मध्ये वारले होते. त्रेचाळीस वर्षं तो कागद लोकांपर्यंत पोचलाच नाही. समजा तुम्ही १९६० मध्ये गोव्यावर लिटरेचर रिव्ह्यू करताय. तुम्ही प्रामाणिक आहात, सगळं छापील साहित्य वाचलंय. तुम्हाला फ्रेइरे मिळतील, त्यांना उद्धृत करणारे दहा जण मिळतील, आणि तुम्ही लिहाल की या विषयावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. आपण प्रकाशन-पक्षपात शिकतो तो औषधांच्या चाचण्यांच्या उदाहरणांवरून. पण सरकारच्या कपाटातला एक अहवालही तेच करतो.

इथे मला एक कबुली द्यायला हवी, कारण माझंही सॅम्पल स्वच्छ नाही. माझ्या आजीचं माहेर पेडण्याकडचं आणि सासर आरोंद्याचं, सावंतवाडी तालुक्यात. मध्ये तेरेखोलची खाडी. होडीने पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो! नाकेबंदीच्या काळात ती माहेरी जाऊ शकली नाही. १९५९ मध्ये तिची आई वारली, ते तिला अकराव्या दिवशी कळलं. "आवस पलतडी, मी अलतडी, मधी खाडी," एवढंच ती सांगायची, आणि पुढे लगेच सांगायची की गोव्याहून चोरून येणारा साबण काय वासाचा असायचा! दोन्ही गोष्टी एकाच दमात.

म्हणून 'नाकेबंदीत गोवा मजेत होता' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तो राग पुरावा नाही. आजी म्हणजे एक माणूस, आणि तीही मी निवडलेली. एका आजीवरून नाकेबंदीचा परिणाम सिद्ध करणं आणि आठ लाख प्रवाशांवरून क्यूबाचं राहणीमान काढणं, दोन्हीत दोष एकाच जातीचा आहे. पण आजीमुळे मला एक गोष्ट कळते जी शोकेसमधून कळत नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर अशी घरं होती आणि कुठल्याही धक्क्यावर उभं राहून ती मोजता आली नसती. ती मोजायची तर दोन्ही काठांवरच्या गावांतली लग्नं, मृत्यूच्या नोंदी, न पोचलेल्या मनीऑर्डरी असलं काहीतरी हुडकावं लागेल. कंटाळवाणं काम आहे. कुणी करत असेल तर मला जरूर कळवा.

ज्युनिअर सुरुवातीला हिरमुसली. तिला वाटलं प्रपोजल फेकून द्यायचं. मी म्हटलं, डेटा वाईट नाहीये, प्रश्न चुकीचा चिकटवलाय. या रिव्ह्यूंवरून क्यूबातला माणूस कसा जगतो ते कळणार नाही, पण क्रूझच्या प्रवाशाला क्यूबाचा कोणता भाग दाखवला जातो आणि तो किती जणांना तसाच्या तसा दिसतो, हे अगदी व्यवस्थित कळेल. तोही प्रश्नच आहे, आणि फ्रेइरेंना कुणी वेळेवर विचारायला हवा होता असा प्रश्न आहे.

तिने दुसरं पान पुन्हा लिहिलंय. आता त्यात एक तक्ता आहे. प्रत्येक रिव्ह्यूपुढे दोन रकाने वाढवलेत : बोट बंदराला किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली.