मार्टिन लिस्टरचा शब्दविरळ ग्रंथ

वैद्यकी करीत असता निसर्गेतिहासाकडे वळलेल्या पंडितांत मार्टिन लिस्टर (१६३९–१७१२) याचे नाव अग्रभागी येते. केंब्रिजचे शिक्षण, माँपेलिए येथील वैद्यकाचा अभ्यास, १६७० पासून यॉर्कला व पुढे लंडनला व्यवसाय, अखेरीस ॲन राणीचा राजवैद्य, हा जीवनक्रम कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. प्रस्तुत लेखकास कर्तव्य आहे ते १६८५ ते १६९२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'हिस्टोरिया कोंकिलिओरम' या शंख-शिंपल्यांच्या ग्रंथाशी.

यास ग्रंथ तरी म्हणावे काय, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास पडतो. आकृती हजाराहून अधिक. मजकूर जवळजवळ नाहीच. चारदोन लॅटिन शब्द, क्वचित शंख जेथून आला त्या स्थळाचे नाव, एवढेच. लिस्टरला वर्णन साधत नव्हते असे मात्र नव्हे. १६७८ च्या 'हिस्टोरिया अनिमालियम अँग्लिए'त इंग्लंडमधील कोळी व गोगलगाई यांची त्याने केलेली शब्दवर्णने नेटकी आहेत. पण तेथे एका देशाचे प्राणी होते. येथे जमेका, बार्बाडोसपर्यंतचे शंख जमा झाले. वर्णनात्मक नामास प्रत्येक नव्या जातीगणिक एकेक विशेषण जोडावे लागते आणि नाम हळूहळू वाक्य होऊन बसते. आकृतीवर असा भार पडत नाही. १७५८ मध्ये लिनीअसने प्राण्यांना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा शंखांच्या नावांखाली त्याने लिस्टरच्या आकृतींचे हवाले दिले. नाव आखूड होऊ शकले, कारण वर्णनाचा भार चित्राने आधीच उचलला होता, असे माझे मत आहे.

हे मान्य केल्यास कर्तृत्वाचा प्रश्न टाळता येत नाही. या आकृती लिस्टरच्या सुझाना व ॲना या मुलींनी काढल्या व कोरल्या. कामास आरंभ झाला तेव्हा दोघीही विशीच्या आतल्या होत्या. चरित्रकार ॲना मरी रूस यांनी त्यांच्या कार्याकडे लक्ष वेधले, ते योग्यच झाले. परंतु त्यांना केवळ साहाय्यक म्हणणे अपुरे आहे. ज्या ग्रंथाची भाषाच रेषा आहे, त्यात रेषा काढणाऱ्या लेखिकाच ठरतात.

लिस्टरची मोठी चूकही याच नजरेतून झाली. खाणींत सापडणारे शंख हे प्राण्यांचे अवशेष नसून भूमीतच घडलेले दगड होत, असे त्याने १६७१ मध्ये प्रतिपादिले. खाणीखाणींतील आकार निराळे असून जिवंत शंखांशी ते तंतोतंत जुळत नाहीत, हा त्याचा पुरावा. निरीक्षण अचूक होते. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. तरीही या 'दगडां'च्या आकृती त्याने त्याच ग्रंथात, शंख-शिंपल्यांच्याच मांडणीत छापल्या.