सुभेदार रामजी : चरित्रातला बाप आणि पलटणीतला माणूस

बाबासाहेबांचे कोणतेही चरित्र उघडा. आरंभीच्या पानांत एक माणूस भेटतो आणि 2 फेब्रुवारी 1913 या तारखेला तो निघून जातो. पुढे चरित्रकाराला त्याची आठवण क्वचितच होते. सुभेदार मेजर रामजी मालोजी सकपाळ हे नाव आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ असते. पण रामजी कोण होते, असे वर्गात विचारले की एकच उत्तर येते : बाबासाहेबांचे वडील. उत्तर चूक नाही. पण माणूस एवढ्यावरच संपवायचा का, हा माझा प्रश्न आहे.

धनंजय कीरांच्या चरित्रात (इंग्रजी 1954, मराठी 1966) रामजींचे चित्र ठसठशीत उतरले आहे. परळच्या चाळीतली एकच खोली, उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि पहाटे दोनला मुलाला उठवणारा बाप. हे चित्र आपल्या जलशांनी घेतले, भाषणांनी घेतले, अलीकडे दूरदर्शन मालिकांनीही घेतले. प्रत्येक हस्तांतरात त्यातला शिपाई थोडा पुसट होत गेला आणि त्यागमूर्ती ठळक होत गेली. चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 चा. त्यात घराण्याची माहिती अधिक तपशिलाने येते. पण आपण खैरमोडे कपाटात ठेवतो आणि कीरांमधली दोन-चार दृश्ये सांगत राहतो.

त्यागमूर्तीला इतिहास लागत नाही. बाप प्रेमळ होता म्हणून त्याने मुलाला शिकवले, एवढे म्हटले की विषय मिटतो. पण प्रेमळ बाप आंबडव्याच्या महारवाड्यात घरोघर होते. त्यांची मुले का शिकली नाहीत? फरक मायेत नव्हता, पलटणीत होता. मालोजी पलटणीत होते, रामजी पलटणीत होते, भीमाबाईंचे मुरबाडकर माहेरही पलटणीतले. रामजींनी पुण्याला शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि ते लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. त्यांनी जवळजवळ चौदा वर्षे हे काम केले. म्हणजे हा माणूस बंदुकीइतकाच खडूनेही नोकरी करीत होता. बाबासाहेब जन्मले ते 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत, एका हेडमास्तराच्या घरी. आपण कुठे जन्माची झोपडी रंगवतो तेव्हा ही छावणी आणि ही शाळा झाकून टाकतो.

'सेवा' या शब्दाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. गावकीतल्या महारालाही सेवाच सांगितली होती : सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी माणसापुढे पळायचे. त्या सेवेला वेळ नव्हता, हुद्दा नव्हता, निवृत्ती तर नव्हतीच. पलटणीतली नोकरी याच्या नेमकी उलट होती. पगार ठरलेला, बढतीची पायरी ठरलेली, शेवटी पेन्शन. वरचा साहेब उद्धट असेल, पण तो जोहार मागत नव्हता. रामजींच्या सेवानिष्ठेचे कौतुक करणारे लेखक ही दोन कामे एकाच शब्दात कोंबतात आणि मग ती निष्ठा साहेबावरची भक्ती वाटू लागते. माझे वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी रामजींवर लिहितो आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पलटणीत होते?" बाबासाहेबांचे वडील हे त्यांना माहीतच होते. त्यांना पलटणीतला माणूस हवा होता. समीक्षेची पदवी नसलेल्या माणसाने माझी दिशा दुरुस्त केली.

आणि नेमकी हीच वाट सरकारने बंद केली. 1890 च्या सुमारास 'लढवय्या जाती'च्या नव्या सिद्धान्ताने महारांची भरती थांबली. 1 जानेवारी 1818 ला भीमा कोरेगावात ज्यांनी रक्त सांडले, त्यांचे नातू आता लढाऊ नाहीत, असे ठरले. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनरच. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा हा माणूस भरतीसाठी अर्ज तयार करतो. रामजींनी या कामी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असे कीर नोंदवतात. ही नोंद चरित्रात ओझरती येते. माझ्या मते रामजींच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी राजकीय कृती आहे. ज्या सरकारची नोकरी इमानाने केली त्याच सरकारपुढे तक्रार घेऊन उभा राहणारा हा माणूस आज्ञाधारक एवढाच होता असे कोण म्हणेल? सरकारने पुढे पहिल्या महायुद्धात, 1917 साली, गरज पडताच 111 महार्स उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट 1941 ला उभी राहिली. ती पाहायला रामजी नव्हते.

हुद्दा छावणीच्या बाहेर चालत नव्हता. 1901 च्या गोरेगावच्या प्रवासाची हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रामजी तेव्हा दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर उतरलेली नीटनेटक्या कपड्यांतली मुले ब्राह्मणांची असतील, असे स्टेशनमास्तरला वाटले. जात कळताच गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले. ते कपडे हा रामजींच्या पेन्शनीचा आणि शिस्तीचा पुरावा होता. त्या दिवशी तो पुरावा कोणी ग्राह्य धरला नाही.

आता अडचणीचे बोलतो. मुलाच्या पुस्तकांसाठी रामजी लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आले की सोडवून देत. ही हकिकत आपण बापाच्या थोरवीसाठी सांगतो. दागिना कोणाचा होता? मंजुळा आणि तुळसा यांचा. सासरी नांदणाऱ्या, स्वतः शाळेच्या वरच्या इयत्ता न पाहिलेल्या लेकींनी दर वेळी गळ्यातले काढून दिले, त्याचा हिशेब कोणत्या चरित्रात आहे? भीमाबाई गेल्यावर पोरे आत्या मीराबाईंनी वाढवली, तीही एका ओळीत आटोपते. थोरले बळराम आणि आनंदराव यांना शिक्षण सोडून नोकरीला लागावे लागले. घरात एकच पोर शिकवता येत होते. रामजींनी निवड केली. ती निवड बरोबर ठरली, पण ती निवड होती, हे आपण का सांगत नाही? कुटुंबवत्सल म्हणून ओवाळण्याने हा ताण झाकला जातो आणि रामजी उगाचच सपाट होतात.

धर्माच्या बाबतीतही तेच. रामजी कबीरपंथी, पण घरात रामायण-महाभारताचे वाचन सक्तीचे. ही पोथी आपल्याला शूद्र आणि अस्पृश्य म्हणते, मग का वाचायची, असे मुलाने विचारले तेव्हा रामजींनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणे दिली : लहान समजली गेलेली माणसे केवढ्या उंचीला पोचली ते बघ, म्हणजे न्यूनगंड जाईल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब हे सांगतात, आणि वडिलांचे उत्तर आपल्याला पटले नव्हते, हेही लपवत नाहीत. आपले लेखक मात्र हा मतभेद टाळतात. मला तो या बाप-लेकाच्या नात्यातला सर्वांत निरोगी क्षण वाटतो. हेडमास्तराने प्रश्न विचारू दिला आणि जमेल तसे उत्तर दिले. विद्यार्थी पुढे गेला.

शेवटचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांची इच्छा नसताना भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. आजारपणाची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. पोचले तेव्हा रामजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. आपले वक्ते इथे आवाज चढवतात. मला त्यातली नोकरी खटकते. आयुष्यभर पलटणीच्या शिस्तीत राहिलेल्या बापाला मुलाने संस्थानाच्या नोकरीत जाऊ नये असे का वाटत होते? बडोद्यात जातीचा त्रास होईल अशी त्यांना धास्ती होती, असे चरित्रे सांगतात. मसूर स्टेशनचा दिवस या माणसाच्या घरात घडून गेला होता. छावणीच्या कुंपणापलीकडे हुद्द्याचे काय होते, हे रामजींना आधीच माहीत होते. चार वर्षांनी, 1917 साली, परदेशी पदव्या घेऊन बाबासाहेब पुन्हा बडोद्याला गेले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले.