गेलेल्याला घरी आणणारी कला

पॅलेस्टाइनमध्ये माणूस गेला की घराजवळ शोकाचा मांडव पडतो. तीन दिवस आप्त, शेजारी, गावकरी येऊन बसतात. त्यांना बिनसाखरेची कडू कॉफी आणि खजूर दिले जातात. गेलेला इस्रायली सैनिकाच्या गोळीने गेला असेल, तर मांडवाइतक्याच तातडीने भिंतींवर त्याचं पोस्टर लागतं. मागे जेरुसलेमचा सोनेरी घुमट, कोपऱ्यात एखाद्या संघटनेचं चिन्ह, मधोमध मोठा केलेला चेहरा, आणि नावाआधी ‘शहीद’. कालपर्यंत घरातला असलेला मुलगा आज साऱ्या राष्ट्राचा होतो. त्याच्या आईने हंबरडा फोडण्याऐवजी लग्नातल्यासारखी ललकारी द्यावी, अशी लोकांची अपेक्षा असते.

जून 1967 मध्ये इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतलं. त्यानंतरच्या जवळपास सहा दशकांत तिथे शोकाची जी कविता, चित्रं आणि चित्रपट निर्माण झाले, त्यांची ताकद मला एकाच कसोटीवर तपासावीशी वाटते: ही कला मेलेल्या माणसाला पोस्टरवरून उतरवून पुन्हा घरात आणते का?

अरबीत शोककाव्याची परंपरा फार जुनी आहे आणि तिच्या उगमापाशी एक बाई उभी आहे. सातव्या शतकातली अल-खन्सा भाऊ सख्र याच्यासाठी आयुष्यभर रडली आणि त्या रडण्यातून तिने काव्य घडवलं. नाबलुसची फदवा तूकान (1917–2003) तिचीच वारस. शाळा सुटलेल्या फदवाला कविता शिकवली ती भाऊ इब्राहिमने. 1941 मध्ये तो आजारपणात गेला आणि तिच्या शोककवितेला कारण मिळालं. 1967 मध्ये नाबलुसवर लष्कराचा अंमल बसला, तशी तिची कविता घराबाहेर पडून लोकांची झाली. समीक्षक याला तिचा विकास मानतात. मला त्यात लाभाबरोबर नुकसानही दिसतं. भावासाठी रडणाऱ्या कवितेत एका माणसाची जी ऊब होती, ती नंतरच्या अनेक कवितांत उरली नाही.

महमूद दरवीशला हा पेच नीट कळला होता. 1976 मध्ये लेबनॉनमधली तल अल-जातर ही निर्वासितांची छावणी पडली, तेव्हा त्याने लिहिलेली दीर्घकविता एका अहमदला सगळ्या लोकांएवढा मोठा करते. पुढे 2002 मध्ये रामल्लाला रणगाड्यांचा वेढा पडला असताना लिहिलेल्या ‘हालत हिसार’मध्ये तोच कवी उलट्या दिशेने निघतो. इथे मेलेला माणूस आपल्या गौरवाविषयीच शंका घेतो आणि जल्लोषापेक्षा बापाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवायला सांगतो. ‘प्रतिकाराचा कवी’ हा शिक्का ज्याच्यावर बसला त्यानेच हे लिहावं, यात मला त्याचं खरं धैर्य दिसतं.

दृश्यकलेत या वाटेवर सगळ्यांत पुढे गेला तैसीर बतनीजी. त्याचा जन्म 1966 मध्ये गाझात झाला. आता तो फ्रान्समध्ये राहतो. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा उठाव, डिसेंबर 1987 मध्ये सुरू झाला आणि सुरुवातीच्या दिवसांतच सैनिकाच्या गोळीने बतनीजीचा भाऊ गेला. पंचवीस वर्षं लोटल्यावर, 2012 मध्ये, त्याने ‘टू माय ब्रदर’ ही साठ चित्रांची मालिका केली. त्यासाठी त्याने मृत्यूचा कुठलाही फोटो घेतला नाही, घेतले ते भावाच्या 1985 मधल्या लग्नाचे. पांढऱ्या कागदावर शाईविना, नुसत्या टोकदार दाबाने त्याने ती दृश्यं कोरली. लांबून पाहिलं तर भिंतीवर साठ कोरे कागद. जवळ जावं, मान तिरपी करावी, प्रकाश कडेने पडू द्यावा, तेव्हा कुठे नवरदेव दिसतो, पाहुणे दिसतात, माणसं एकमेकांना बिलगलेली दिसतात. पाऊलभर बाजूला सरकलं की पुन्हा कोरा कागद. पोस्टर रस्त्याच्या पलीकडूनही दिसावं म्हणून केलेलं असतं. हा भाऊ मात्र जो जवळ येईल त्यालाच दिसतो. लग्न निवडण्यात फार मोठी समज आहे. मारला गेलेला म्हणून त्याला सगळे ओळखत होते. नवरदेव म्हणून तो फक्त घरच्यांचा होता. पॅलेस्टाइनच्या शोककलेतली एकच कृती निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

दुसऱ्या इंतिफादात, 2001 साली, रामल्लाच्या खलील सकाकीनी सांस्कृतिक केंद्राने पहिल्या शंभर मृतांचं प्रदर्शन भरवलं. प्रत्येकाचा एक फोटो आणि घरच्यांनी दिलेली, रोजच्या वापरातली एक वस्तू. ना घोषणा, ना झेंडे. शंभर हा आकडा मला खटकतो, कारण आकड्यात माणूस हरवतो. पण प्रत्येक वस्तूपुढे पाहणाऱ्याला थांबावं लागतं आणि तेवढ्यापुरता आकडा मोडतो.

इमाद बुरनातचा ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ (2011) मुळात कौटुंबिक चित्रण होतं. 2005 मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून बिलीन गावच्या या शेतकऱ्याने कॅमेरा घेतला आणि गावच्या जमिनीतून जाणारं इस्रायलचं कुंपण आणि त्याविरुद्धची निदर्शनं त्यात येत गेली. एप्रिल 2009 मध्ये अश्रुधुराचं नळकांडं छातीवर लागून गावातला बासिम अबू रहमा मेला. चित्रपटात तोवर आपण त्याला मुलांबरोबर हसता-खेळताना पाहिलेलं असतं. म्हणून त्याचा मृत्यू बातमी राहत नाही, ओळखीतला माणूस जातो.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली गेली. त्यानंतर गाझावर झालेल्या युद्धात मृतांची संख्या अशी वाढत गेली की एकेकाचा शोक करायला कुणी मोकळं उरलं नाही. रडणारेही मारले जाऊ लागले. कवयित्री-कादंबरीकार हिबा अबू नदा 20 ऑक्टोबरला गेली. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारा रिफात अलअरीर 6 डिसेंबरला भावंडं आणि भाचरांसह मारला गेला. ‘इफ आय मस्ट डाय’ ही त्याची कविता कित्येक भाषांत गेली, मोर्च्यांत वाचली गेली, फलकांवर चढली. ती मुळात मुलीला उद्देशून होती. ती मुलगी, शैमा, एप्रिल 2024 मध्ये नवऱ्यासह आणि तान्ह्या बाळासह मारली गेली. कविता जगभर फिरत राहिली, पण जिच्यासाठी ती लिहिली होती तिचं नाव कवितेच्या पुष्कळ चाहत्यांना ठाऊक नाही. अत्यंत खाजगी निरोपाचंही आपण, दूरच्या वाचकांनी, पोस्टर केलं.

शोकावर आता पुराव्याचंही ओझं पडलं आहे. माणूस मेला हे आधी सिद्ध करायचं, रडायचं मग. कौथर बेन हनिया या ट्युनिशियन दिग्दर्शिकेचा ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’ (2025) हे ओझं उघडपणे वाहतो. 29 जानेवारी 2024 रोजी गाझात गोळीबार झालेल्या गाडीत नातेवाइकांच्या मृतदेहांमध्ये अडकलेल्या लहान मुलीचा फोनवरचा खरा आवाज त्यात आहे. कॅमेरा रामल्लातलं रेड क्रेसेंटचं केंद्र जवळजवळ सोडत नाही, मरण दाखवत नाही. हा संयम मोलाचा. तरी त्या आवाजाभोवती नट अभिनय करतात तेव्हा मी अस्वस्थ होतो. मुलीला जगायचं होतं, साक्ष द्यायची नव्हती. व्हेनिसमध्ये या चित्रपटाला ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळालं. पुराव्याला मिळालेली ती मान्यता आवश्यक होती, पण त्या मुलीसाठीचं रडणं अजून बाकी आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त उणीव भासते ती बायकांच्या विलापगीतांची. मृताच्या घरी एकत्र बसून बायका जे म्हणत, त्याला धर्मपंडितांनी नावं ठेवली आणि चळवळीने त्याच्या जागी ललकारी मागितली. समीक्षेनेही त्याला कवितेच्या पंक्तीत बसवलं नाही. इब्राहिम मुहावी आणि शरीफ कनाना यांनी 1989 मध्ये पॅलेस्टिनी लोककथांचा अभ्यासपूर्ण संग्रह काढला, त्यातल्या बहुतेक कथा बायकांनी सांगितलेल्या. तेवढीच निगा विलापगीतांच्या वाट्याला यायला हवी आणि ती ही गाणी म्हणणाऱ्या बायका हयात असतानाच. त्यासाठी कुणी तिथे पोहोचायची वाट पाहायला नको. बतनीजीने 2015 ते 2017 या काळात गाझातल्या आईशी आणि घरच्यांशी बोलताना फोनच्या पडद्यावरची विस्कटलेली, हिरव्या चौकटींत तुटणारी चित्रं जपून ठेवली आणि त्यांचं पुढे पुस्तक झालं. गाणीही फोनवरून उतरवून घेता येतील.