‘देवदास’ आणि प्रेमज्वर

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली; ती लिहून मात्र त्यापूर्वीं बरींच वर्षें झालीं होतीं. १९३५ सालीं प्रमथेश बरुआ यांनीं तिच्यावर बोलपट काढला, आणि पुढें नायकाचें नांव हें सामान्यनामच होऊन बसलें. प्रेमभंगानें खचलेल्या कोणाहि तरुणास आपण ‘देवदास’ म्हणतों. या कीर्तीनें मूळ ग्रंथावर अन्यायच केला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रेमज्वराचें निदान कादंबरीच्या पूर्वार्धांतच आहे. तालसोनापूरच्या शाळेंतील देवदास पार्वतीस मारतो, आणि ती घरीं त्याचें नांव न घेतां पंडितजींवर आळ घेते. एकानें हुकमत गाजवावी व दुसऱ्यानें ती झांकावी, अशा रीतीनें वाढलेली ही प्रीति आहे. बाललीलांच्या माधुर्यांत लेखकानें हें बीज किती सहज पेरलें आहे!

पुढें लग्नाची गोष्ट निघते. मुलीबद्दल पैसा घेणाऱ्या कुळाशीं सोयरीक नको, म्हणून जमीनदार मुखर्जी नकार देतात. तेव्हां तेरा वर्षांची पार्वती मध्यरात्रीं एकटी देवदासाच्या खोलींत येते. लोकलज्जा तिला कळत नाहीं असें नव्हे. ती सर्व जाणून आलेली आहे. देवदास काय करतो? कलकत्त्यास निघून जातो, आणि तिच्यावर आपलें तसें प्रेम कधींच नव्हतें, अशा अर्थाचें पत्र धाडतो. पत्र टाकतांच त्यास पश्चात्ताप होतो. पण परत येऊन तो तिला गांठतो, आणि ती ताठ मानेनें उत्तर देते, तेव्हां मासे धरण्याच्या काठीनें तो तिचें कपाळ फोडतो.

दोष समाजरूढीचा, असें कोणी म्हणतील. रूढि क्रूर होती हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती दोघांनाहि सारखीच होती, किंबहुना पार्वतीस अधिक जाचक. तिनें ती एका रात्रीं ओलांडली. देवदासास ती ओलांडवली नाहीं. त्याला झुरविणारा ज्वर विरहाचा नसून स्वतःच्या भीरुतेचा आहे.

उत्तरार्धांत लेखकाचें हें भान सुटूं लागतें. मद्य, चंद्रमुखीची निष्ठा, शेवटीं बैलगाडींतून हातीपोत्यापर्यंतचा तो प्रवास, यांचें वर्णन हृदय पिळवटून टाकतें यांत शंका नाहीं. पण त्या वर्णनाच्या भरांत दुर्बलता हीच प्रेमाची खोली भासूं लागते. समाप्तीस तर लेखक स्वतः पुढें होऊन वाचकाजवळ देवदासासाठीं करुणा मागतो. जी करुणा कथेनें मिळवावी ती अशी मागावी लागली, यांतच लेखकाची शंका उघड होते.

इकडे पार्वती वयस्क बिजवराचा संसार, त्याचीं मोठीं मुलें, दानधर्म, सारें सांभाळीत असते. तिला झुरण्यास सवडच नाहीं. तिचें दुःख लेखकानें थोडक्या शब्दांत सांगितलें, म्हणूनच तें अधिक खरें वाटतें.

तरुण वाचकांनीं देवदासासाठीं अवश्य हळहळावें. तो दयेस पात्र आहे. परंतु त्याच्यासारखें झुरणें हीच प्रीतीची कसोटी, असें मात्र मानूं नये. ती कसोटी पार्वती मध्यरात्रीं अंगण ओलांडून आली, तेव्हांच लागली होती.