स्लोकम मोहीम : एका स्वप्नाची तपासणी

विज्ञानकथा आणि वैज्ञानिक लेख यांच्या सीमेवर उभे असलेले काही लिखाण असते. त्यात कथानक फारसे नसते आणि सिद्धताही नसते. असते ती एक सविस्तर मांडलेली इच्छा. अमेरिकी समुद्रवैज्ञानिक हेन्री स्टॉमेल यांचा 'द स्लोकम मिशन' हा छोटा लेख या प्रकारचा आहे. तो १९८९ साली 'ओशनॉग्राफी' या नियतकालिकात आला. हा लेख २०२१ साली लिहिला जात आहे आणि लेखक मागे वळून पाहत आहे, अशी कल्पना त्यात केली आहे. ते साल आता उलटून गेले. त्यामुळे भाकिताचा हिशेब तपासायला हरकत नाही.

स्टॉमेल हे कल्पनेच्या भराऱ्या मारणारे हौशी लेखक नव्हते. गल्फ स्ट्रीमसारखे जोरदार प्रवाह महासागराच्या पश्चिम काठालाच का वाहतात, याचे उत्तर त्यांनी १९४८ साली दिले होते. आयुष्यभर त्यांना एकच अडचण सतावत राहिली: समुद्र अफाट आणि मोजमापे मोजकी. जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, आणि त्याचा दररोजचा खर्च मोठा असतो. म्हणून त्यांनी सुमारे हजार लहान यानांच्या ताफ्याची कल्पना मांडली. यंत्राची मूळ कल्पना डग वेब या अभियंत्याची. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी जोशुआ स्लोकम यांचे नाव या यानांना दिले गेले. लेखातले स्लोकम पाण्यात वरखाली होत, पंखांच्या आधारे तिरपे घसरत, ताशी अर्ध्या सागरी मैलाच्या संथ वेगाने पुढे जाते. दिवसातून सहा वेळा ते पृष्ठभागावर येते, उपग्रहामार्फत आकडे पाठवते, नियंत्रण कक्षाकडून पुढच्या दिशेची आज्ञा घेते आणि पुन्हा बुडी मारते.

यातले किती खरे ठरले? यंत्र तर जवळजवळ लेखात आहे तसेच बनले. आजचे स्लोकम सुमारे दीड मीटर लांब आणि पन्नासेक किलो वजनाचे असते. पुढच्या भागात थोडे पाणी आत घेतले की ते जड होऊन घसरू लागते, बाहेर टाकले की वर येते. त्याला ढकलणारा पंखा लागत नाही. २००९ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे असे एक यान न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून निघाले आणि २२१ दिवसांनी स्पेनजवळ पाण्याबाहेर काढले गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्याच विद्यापीठाचे एक यान वाटेतच हरवले होते. पाण्याखालून अटलांटिक ओलांडणारे हे पहिले यान. स्टॉमेल यांचे १९९२ साली निधन झाले होते, त्यामुळे त्यांना हे पाहता आले नाही.

ताफ्याचे स्वप्न मात्र थोड्या वेगळ्या वाटेने पुरे झाले. 'आर्गो' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील तरंगकांची संख्या २००७ साली ३,००० झाली आणि आज ती ४,००० च्या आसपास आहे. भारतही त्यात आहे. आपल्याकडील काम हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहते. पण आर्गोच्या तरंगकांना सुकाणू नाही. ते प्रवाहाबरोबर वाहतात, आणि साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येताना तापमान व क्षारता मोजतात. ऊर्जेबाबतही लेख अतिआशावादी ठरला. वरच्या उबदार पाण्यात वितळणाऱ्या आणि खालच्या थंड पाण्यात गोठणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या फुगण्या-आकसण्यावर यान चालवण्याची ती युक्ती सुंदर आहे, आणि अशी याने बनलीही. पण ध्रुवीय समुद्रात वरचे पाणीही थंडच असते. अटलांटिक ओलांडणारे यानदेखील बॅटरीवरच चालले.

येथपर्यंतचे फरक क्षम्य आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. लेखात यंत्र दिसते, ताफा दिसतो, किनाऱ्यावरचा नियंत्रण कक्ष दिसतो. पण दोन भेटींच्या मधले चार तास दिसत नाहीत. आणि या यानांचे खरे कठीण काम त्या चार तासांतच दडलेले आहे.

रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात फार खोल जात नाहीत. म्हणजे पाण्याखाली उपग्रहही नाही आणि नियंत्रण कक्षही नाही. ध्वनी जातो, पण सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, आणि त्यावरून थोडीच माहिती पाठवता येते. त्यामुळे यानाने बुडी मारली की त्याच्यापाशी उरतात ते होकायंत्र, दाबमापक, घड्याळ आणि कोणीतरी आधी लिहून ठेवलेली आज्ञावली. हे 'कोणीतरी' म्हणजे सॉफ्टवेअर अभियंता. स्टॉमेल यांच्या लेखात त्याला जागाच नाही.

त्याचे काम काय असते ते एका हिशेबाने पाहू. अर्धा सागरी मैल म्हणजे सुमारे ०.९ किलोमीटर; चार तासांत यान ३.७ किलोमीटर जाईल. होकायंत्रात ५ अंशांची चूक असेल तर ते सुमारे ३२० मीटर बाजूला जाईल. ही चूक चालण्याजोगी आहे. पण वाटेत यानाच्याच वेगाचा आडवा प्रवाह असला तर? मग ते ३.७ किलोमीटर बाजूला फेकले जाईल, म्हणजे जेवढे पुढे गेले तेवढेच. आणि प्रवाह समोरून आला तर चार तास चालूनही ते जागच्या जागी राहील. समुद्रात असे प्रवाह मुळीच दुर्मीळ नाहीत.

यावर जे उत्तर निघाले ते स्टॉमेल यांना फार आवडले असते. यान पाण्याखाली आपल्या वेगावरून आणि दिशेवरून 'मी आता अमुक ठिकाणी असेन' असा अंदाज करीत राहते. वर आल्यावर उपग्रह त्याला खरे ठिकाण सांगतो. दोन्हींतले अंतर मधल्या वेळाने भागले की त्या पट्ट्यातल्या प्रवाहाचा सरासरी वेग मिळतो! पुढच्या बुडीसाठी दिशा ठरवताना तोच वेग वापरतात. चूक हेच मोजमाप झाले. आयुष्यभर प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या लेखात ही गोष्ट यायला हवी होती.

दुसरे काम अधिक जोखमीचे आहे. यानाने काय करावे हे लिहिणे सोपे. काय झाल्यास काम सोडून वर यावे, हे लिहिणे कठीण. ठरावीक खोली ओलांडली, आत पाणी शिरले, बॅटरी उतरली, बराच वेळ संपर्क झाला नाही, अशा प्रत्येक प्रसंगाचा आधी विचार करावा लागतो. समजा, दाबमापक अडकला आणि 'खोली शून्य' असेच सांगत राहिला. यान स्वतःला पृष्ठभागावर समजेल आणि प्रत्यक्षात खाली जात राहील. म्हणून आज्ञावलीत आणखी एक प्रश्न हवा: बुडण्याची आज्ञा दिल्यावरही खोली बदलत नाही, हे कसे?

मलेशियाचे हरवलेले विमान शोधण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये हिंदी महासागरात 'ब्लूफिन-२१' हे यान सोडले गेले. पहिल्याच फेरीत सुमारे सहा तासांनी ते परत वर आले. तळ त्याच्या ४,५०० मीटरच्या मर्यादेपेक्षा खोल निघाला होता. वरवर पाहता फेरी फसली. प्रत्यक्षात सुरक्षिततेचा नियम लिहिला होता तसाच पाळला गेला होता. उलट उदाहरण २००५ सालचे. ब्रिटनचे 'ऑटोसब-२' हे यान अंटार्क्टिकातील फिंबुल हिमपट्टाखाली कायमचे अडकले. चौकशीत दोन शक्यता पुढे आल्या: वीजपुरवठा तुटला असावा, किंवा मोहीम सोडून देण्याची आज्ञा यंत्रणेतच कुठेतरी दिली गेली असावी. ही दुसरी शक्यता विचार करायला लावते. उघड्या समुद्रात 'काही बिघडले तर सगळे सोडून वर ये' हा सर्वांत सुरक्षित नियम. वर जाड बर्फ असताना तोच नियम यानाला बर्फाच्या पोटाशी नेऊन ठेवतो. नियम सुरक्षित आहे की नाही, हे जागेवर अवलंबून असते. आणि ही जागा यान जाण्यापूर्वी कोणीतरी मनाने पाहिलेली असावी लागते.

स्टॉमेल यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना तांत्रिक पुस्तिका लिहायची नव्हती. समुद्र मोजण्याचा दुसरा मार्ग आहे, हे सहकाऱ्यांना पटवायचे होते, आणि ते त्यांनी साधले. परंतु त्या लेखातली अनुपस्थिती आजच्या लोकप्रिय लिखाणातही तशीच राहिली आहे, आणि तेथे ती अधिक घातक आहे. 'यान स्वतः विचार करते', 'यंत्राने निर्णय घेतला' अशी वाक्ये आपण सर्रास वाचतो आणि वर्गात बोलतोही. अशा वाक्याने विद्यार्थ्याची दुहेरी हानी होते. यंत्राविषयी त्याला भाबडा आदर वाटू लागतो, आणि त्यामागचे काम आपल्याला करता येण्याजोगे आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. शिवाय यंत्र चुकले की जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही बुजून जातो.

असे काम दूरदेशीच चालते असेही नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे २०० मीटरपर्यंत जाणारे लहान स्वयंचलित यान बनवले आहे.

शिक्षकांना एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. मैदानावर एका मुलाचे डोळे बांधायचे. बाकीच्यांनी त्याच्यासाठी सर्व सूचना आधीच कागदावर लिहायच्या: किती पावले, कोणत्या दिशेला, आणि काही आडवे आले तर काय करायचे. एकाने त्या फक्त वाचून दाखवायच्या. चालू झाल्यावर एकही शब्द बदलायचा नाही. वाटेत मध्येच एक बाक आणून ठेवा. पहिल्या फेरीनंतर कागद सुधारायला द्या, आणि त्याच वेळी बाकाची जागा बदला. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुले 'असे झाले तर' या वाक्यांनी कागद भरू लागतील. त्यानंतर त्यांना स्टॉमेल यांच्या लेखाची गोष्ट सांगावी आणि विचारावे, या गोष्टीत कोणाचे काम सांगायचे राहून गेले आहे?